बॅक्टेरियाच्या आत अँटिबायोटिक किती साचलं? मोजताना या चुका टाळा

प्रोजेक्टचा सीझन आला की जळगाव-धुळ्याकडच्या एमएस्सी मायक्रोच्या पोरांचे फोन सुरू होतात, अन् दरवर्षी चुका त्याच त्या, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी म्हणजे गरम वॉश, म्हणजे सेलच्या (बॅक्टेरियाच्या पेशींच्या) बाहेरचं औषध काढायला कोमट बफरने धुणं. एका कॉलेजातला पोरगा, ऐन मे महिना, भुसावळकडचं ऊन काय सांगायचं, सेंट्रिफ्यूज बिनाकूलिंगचं, अन् या भाऊने ई. कोलायला सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) देऊन टेबलावरच्या कोमट पीबीएसने (फॉस्फेटचा खारा बफर) तीनदा धुतलं. रीडिंग जवळपास शून्य. लगेच निष्कर्ष तयार, "सर, या स्ट्रेनचं पोरिनच (औषध आत जायचं भिंतीतलं दार) गेलंय, औषध आत जातच नाही!" अरे भो, आत गेलं होतं, तूच धुऊन काढलं. बाहेर बिनाऔषधाचा बफर आला की आतलं झिरपून बाहेर येतं, वरून अ‍ॅक्र-एबी-टोलसी पंप (औषध बाहेर टाकणारं सेलचं यंत्र) फेकतोच आहे, तो प्रोटॉनच्या जोरावर चालतो आणि त्या खोलीत तर त्याला इनक्युबेटरसारखीच ऊब. मग सगळं बर्फात करायला लावलं, शेजारी वाइल्ड टाइप (मूळ, न बदललेली स्ट्रेन) लावली (आधी लावलीच नव्हती!), तर दोघांचं रीडिंग जवळजवळ सारखं.

माझं आपलं ठरलेलं: पीबीएस आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये, सेंट्रिफ्यूजचा रोटर पण थंड, बर्फ दुप्पट आणायचा कारण आपल्याकडे निम्म्याचं वाटेतच पाणी होतं, आणि वॉश एकच, झटपट. सिलिकॉन तेल असेल तर फारच छान, सेल तेलातून खाली बसतात आणि औषधाचं पाणी वरच राहतं, धुवायची भानगडच नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या हर्गेनरोदर यांच्या टीमने ई. कोलायवर १८० च्या वर रसायनं याच पद्धतीने तपासली, २०१७ साली ते काम छापून आलं.

दुसरं, भिंतीला चिकटलेलं औषध "आत" म्हणून मोजणं. औषध टाकल्या टाकल्या, बर्फावरच, एक सॅम्पल काढा आणि ते रीडिंग वजा करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाई इतकी की तेवढं पण नको, आणि मग व्हायवात घाम.

बोअरच्या पाण्यात बफर बनवू नका, त्यातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम सिप्रोला धरून ठेवतं. औषध न दिलेल्या सेलचा ब्लँक लावा, कारण सिप्रो त्याच्या चमकेवरून मोजतो अन् सेल स्वतः पण थोडे चमकतात. वॉशमध्ये सेल सांडतात, म्हणून शेवटी प्रोटीन मोजून भागा, सुरुवातीच्या ओडीने (सेलच्या गढूळपणाचं रीडिंग) नको.

आणि पंप बंद करायला सीसीसीपी (प्रोटॉनचा जोर मोडणारं रसायन) टाकताय तर आधी औषध कोणतं ते बघा. सिप्रोचं साचणं वाढेल, पण जेंटामायसिनला आत शिरायलाच ती प्रोटॉनची ताकद लागते, तिथे उलट कमी दिसेल. यावरून "पंप नाही" असं लिहिलेला रिपोर्ट मी वाचलाय, सही-शिक्क्यासकट.