चॅटबॉट निवडायचाय? आधी त्याला धोपाव्याची फेरी विचारा

"कुठला एआय चांगला गं?" हा प्रश्न आता आमच्या किनाऱ्यावर पाहुणे ठेवणाऱ्या बायकाही एकमेकींना विचारायला लागल्यात. मी गुहागरची. घराला लागून पाहुण्यांच्या खोल्या, मागे आगर, हंगामात आंबा. चॅटबॉटकडे माझी कामं म्हणजे पाहुण्यांच्या इंग्रजी मेसेजांना उत्तरं, ग्रामपंचायतीचे अर्ज, बिलांचे हिशेब आणि लेकाच्या शाळेचे प्रकल्प. यूट्यूबवरच्या तुलना यासाठी कुचकामी आहेत. तिथे कोण कोडिंग बरं करतं आणि कोण ऑलिम्पियाडची गणितं सोडवतं यावर गुण देतात. परीक्षा आपली आपणच घ्यावी, आणि पेपर आपल्या गावातला काढावा. उत्तर आपल्याला पाठ आहे असेच प्रश्न घ्यायचे, म्हणजे कोण थापा मारतंय ते लगेच कळतं.

उमेदवार भरपूर आहेत. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, बाकीचे त्याच्या मागोमाग. गूगलचा जेमिनाय (फेब्रुवारी २०२४ पर्यंत त्याचं नाव बार्ड होतं) अँड्रॉइड फोनात बहुतेकदा आधीच असतो. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट, अँथ्रॉपिकचा क्लोड आणि उत्तराखाली दुवे देणारा पर्प्लेक्सिटी आहेत. व्हॉट्सॲपमधला तो गोल म्हणजे मेटा एआय, भारतात जून २०२४ पासून. चीनचा डीपसीक जानेवारी २०२५ मध्ये गाजला. माहिती चीनमधल्या सर्व्हरवर साठवतो असं त्याच्या कंपनीच्याच धोरणात लिहिलंय, ते तुम्हाला चालणार का ते आधी ठरवा. सगळे उतरवून फोन भरू नका. तीन घ्या: एक फोनात आहे तो, एक दुवे दाखवणारा, एक लिखाणासाठी. प्रश्न एकदाच टाइप करा आणि तिघांना तोच चिकटवा, शब्दही बदलू नका. प्रत्येक वेळी नवीन चॅट उघडा, कारण आधीच्या गप्पांचा परिणाम पुढच्या उत्तरावर होतो.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: "गुहागरहून दापोलीला चारचाकीने जायचंय, जवळचा मार्ग कुठला?" आपल्याकडचं पोरही सांगेल की धोपाव्याला जा, फेरीबोटीत गाडी चढव आणि दाभोळला उतर. फेरी सोडली तर वाशिष्ठीच्या खाडीला वळसा घालून चिपळूणवरून जावं लागतं. एकाने मला थेट चिपळूणच दाखवलं. दुसऱ्याने फेरी सांगितली, पण तवसाळची! ती जयगडला जाते, म्हणजे रत्नागिरीच्या अंगाला, अगदी उलट दिशेला. भाषा मात्र इतकी ठाम की बाहेरच्या माणसाने डोळे झाकून विश्वास ठेवावा.

जो बरोबर सांगेल त्याला तिथेच सोडू नका. मी मुद्दाम खोटं बोलते: "अहो, ती धोपाव्याची फेरी तर कधीच बंद पडली." एकाने लगेच माफी मागितली, माझंच बरोबर म्हणाला आणि मला चिपळूणला पाठवलं. दुसरा म्हणाला, "बंद झाल्याची माहिती मला मिळत नाही, निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा." पास झाला तो हा दुसरा. आपल्या होला हो करणारा बॉट वाटतो गोड, पण औषधाच्या किंवा पैशाच्या प्रश्नात तोच घात करतो. या एका चाचणीला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गुण देते.

दुसरा प्रश्न थोडा कपटी: "जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांना रोज ताजी सुरमई द्यायचीय, मेनू करून दे." आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. चांगला बॉट इथे अडवतो आणि खाडीचे मासे किंवा सुकं सुचवतो. बाकीचे सुरमई फ्राय, सुरमई करी, सुरमई बिर्याणी असा आठवड्याचा तक्ता हौसेने मांडून मोकळे.

ताज्या माहितीसाठी रेल्वेचं वेळापत्रक विचारा. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळ्यात वेगळ्या वेळेवर धावतात. चिपळूणला मांडवी एक्स्प्रेस किती वाजता, असं विचारल्यावर जो तारीख न विचारता, इंटरनेटवर न शोधता वेळ फेकतो, त्याच्या भरवशावर पाहुण्याला स्टेशनवर धाडू नका. स्रोताचा दुवा दिला असेल तर उघडून बघा. कधीकधी दुवा खरा असतो आणि त्यात ती माहितीच नसते.

आता अर्ज. नळाला पाणी येत नाही, ग्रामपंचायतीला अर्ज लिहून दे, एवढंच सांगितलं तर बहुतेकांची पहिली झेप अशी असते: "आम्ही आपले लक्ष पाणीपुरवठ्याच्या समस्येकडे वेधू इच्छितो आणि आपण यास संबोधित कराल अशी आशा करतो." सरपंच चष्मा काढून पुसतील. आपला अर्ज कसा असतो? "प्रति, मा. सरपंच", मग "विषय: वाडीतील नळाला पाणी न येणेबाबत", मग "महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की", आणि शेवटी "अर्जदार". म्हणून दोन फेऱ्या घ्या. पहिल्यांदा नुसतं सांगून बघा. मग जुना एखादा अर्ज नाव-पत्ता खोडून चिकटवा आणि म्हणा, याच साच्यात लिही. पहिल्या फेरीत पडलेला दुसऱ्या फेरीत झकास लिहितो असंही होतं, त्यामुळे घाईने नापास करू नका. दुसऱ्या फेरीतही "संबोधित" आलं तर मात्र राम म्हणा.

हिशेबासाठी खरं जुनं बिल द्या: तीन रात्री, दोन मोठे, एक मूल अर्ध्या दरात, एका दिवशी जेवण नको. बेरीज स्वतः कॅल्क्युलेटरवर ताडा. बोलून विचारणाऱ्यांसाठी माईक तपासा. आमच्या सासूबाई सानुनासिक बोलतात, त्यांचं "आमसुलाचं सार" ज्याला नीट ऐकू आलं तोच त्यांच्या फोनात राहिला.

आंबेवाल्यांसाठी एक गोष्ट. मोहोराचा फोटो टाकून भुरी आहे की तुडतुडा, एवढं विचारायला हरकत नाही, बरेचसे ओळखतात. पण फवारणीचं औषध आणि लिटरमागे प्रमाण त्यांच्याकडून घेऊ नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक असतं, ते समोर ठेवा. तेच बॉटला चिकटवून "माझ्या तारखा लावून दे" म्हणणं हा त्याचा खरा उपयोग.

फुकटच्या खात्यावर मर्यादा असते. मजकूर मोजताना हे बॉट त्याचे तुकडे पाडतात, आणि देवनागरीचे तुकडे सहसा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. म्हणून लांबलचक मराठी कागद टाकले की मर्यादा लवकर संपते. दुपारी मर्यादा संपली की दुसऱ्याकडे जायचं. तीन ठेवायला सांगितले ते यासाठीही.

पाहुण्यांची आधार कार्डं कुठल्याही बॉटमध्ये टाकू नका, "नाव इंग्रजीत लिहून दे" एवढ्यासाठीसुद्धा नाही. सेटिंगमध्ये जाऊन आपलं बोलणं प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचं बटण शोधा आणि बंद करा. चॅटजीपीटीत ते डेटा कंट्रोल्समध्ये आहे, इतरांकडे नावं वेगळी. नातेवाइकांचे दवाखान्याचे रिपोर्ट समजून घ्यायचे असतील तर वरची नावाची पट्टी कापून फोटो काढा, आणि निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पैसे भरायची घाई नको. २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटीचा आणि जिओने जेमिनायचा महागडा प्लॅन ग्राहकांना फुकट देऊ केला, चॅटजीपीटीनेही भारतात आपला स्वस्त 'गो' प्लॅन वर्षभर फुकट केला. अशी योजना दिसली की अटी वाचा, आणि यूपीआय ऑटोपे मागितला तर मुदत संपायच्या आठवडाभर आधीचा गजर फोनात लावून मगच "होय" दाबा.