छोट्या हॉलमध्ये मेटल बँड ऐकताना कान सांभाळा

छोट्या जागेत मेटल बँडचा आवाज सहज 105 डेसिबलच्या पुढे जातो. 100 डेसिबलला कानांसाठी सुरक्षित वेळ जेमतेम 15 मिनिटं, आणि आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ती निम्मी होते. म्हणून इअरप्लग पहिल्या गाण्याआधीच घाला. कानात शिट्टी वाजायला लागेपर्यंत थांबू नका.

फोमचा प्लग बहुतेक जण नुसता कानाच्या तोंडाशी कोंबतात, मग तो फारसं काही अडवत नाही. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत 30 सेकंद बोटाने धरून ठेवा. फोम वरच्या पट्टीचे आवाज जास्त खातो, त्यामुळे झांजा आणि गिटारची धार बोथट होते. वारंवार जात असाल तर फिल्टरचे, 15 ते 20 डेसिबल कमी करणारे प्लग घ्याच. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या धून, स्वच्छ ऐकू येतात.

जागा साउंड मिक्सरच्या टेबलाजवळ धरा. स्टेजला अगदी चिकटून उभं राहिलं की ड्रम आणि समोरचा गिटार अ‍ॅम्प (गिटारचा स्वतःचा स्पीकर) एवढंच ऐकू येतं. गायकाचा आवाज बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून येतो, तो तिथे हरवतो. त्या स्पीकरच्या तोंडासमोर मात्र प्लग असले तरी थांबू नका.

मॉश पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना धडका देत नाचतात त्या घोळक्यात, शिरायचं तर बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारा, चष्मा आणि कानातले दागिने काढून ठेवा. कुणी पडलं तर सगळं सोडून आधी त्याला उचला.