घरच्या घरी मच्छर पळवायचं तेल अन् धुरी, आणि ड्रमचं काय करायचं तेही

जुलै लागला की मच्छर सुरू, मग दिवाळीपर्यंत काही खरं नसतं. कॉइलच्या धुराने म्हाताऱ्या माणसांना खोकला लागतो, मशीनचा वास कुणाला सहन होत नाही, म्हणून बरेच जण घरगुती काही आहे का असं विचारायलेत. आहे ना, आणि निम्मं सामान तर तुमच्या दारातच आहे, कडुलिंब नाही असं गाव मराठवाड्यात शोधून सापडायचं नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगते, तेल लावलं की तास-दोन तास अंगाला मच्छर बसत नाहीत, पण घरातले मच्छर त्याने कमी होत नाहीत. ते कमी होतात ड्रम घासल्यावर. म्हणून दोन्ही सांगते.

आधी तेल. १०० मिली खोबरेल तेल घ्या, त्यात कडुलिंबाचं तेल अर्धा छोटा चमचा, म्हणजे दोन-अडीच मिली, एवढंच टाका. लई जण निम्मं निम्मं करतात, जास्त टाकलं की जास्त चालेल असं वाटतं, पण त्याने वास असा उग्र येतो की घरातले दुसऱ्या दिवशी लावूच देत नाहीत आणि नाजूक कातडीला खाज सुटते. काचेच्या कोरड्या बाटलीत भरून चांगलं हलवा, झालं. थंडीत खोबरेल गोठतं तेव्हा बाटली दहा मिनिटं उन्हात ठेवायची. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं चोळून रात्रभर बघा, लाल झालं नाही तर मग हातापायाला, मानेला लावा. डोळ्याजवळ, ओठाला, जखमेवर नाही. लेकरांच्या तळहाताला तर अजिबात नाही, कारण ते हात सरळ तोंडात जातात आणि कडुलिंबाचं तेल पोटात जाणं लहान लेकरासाठी धोक्याचं आहे. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर तेल नकोच, सरळ मच्छरदाणी लावा. घाम आला की तेल निघून जातं, आपल्याकडच्या उकाड्यात तर तासाभरातच, मग परत लावावं लागतं.

इथे एक गोष्ट नीट वाचा. कृषी सेवा केंद्रात फवारणीचं निम तेल मिळतं, कापसावर, तुरीवर मारायचं. घरात शेताची उरलेली बाटली असते म्हणून लोक तेच खोबरेलमध्ये मिसळतात. ते अंगाला लावायचं नाही म्हणजे नाही. पाण्यात मिसळावं म्हणून त्यात दुसरी केमिकल घातलेली असतात, ती झाडासाठी असतात, माणसाच्या कातडीसाठी नाही. मेडिकलमधून किंवा आयुर्वेदिक दुकानातून साधं, शुद्ध कडुलिंब तेल घ्या, किंवा घाण्यावर निंबोळीचं काढून मिळत असेल तर उत्तमच.

कडुलिंबाचा वास नकोच असेल तर गवती चहा. कुंडीत, नाहीतर न्हाणीच्या पाण्यावर, बऱ्याच घरी लावलेला असतोच. पात धुवून एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या, पाणी राहिलं तर तेल खवट होतं. मग बारीक कापून वाटीभर पातीला वाटीभर खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या, भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून मंद गॅसवर अर्धा तास राहू द्या, थेट गॅसवर ठेवलं तर पात करपते आणि वास निघून जातो. गार झालं की सुती कापडातून पिळून गाळा. याचा जोर कडुलिंबापेक्षा कमी आहे हे धरूनच चला. विकतचं गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं अर्क तेल मिळालं तर ५० मिली खोबरेलला दहा थेंब टाका, त्याहून जास्त नको, आणि अर्क तेल कधीच नुसतं अंगाला लावू नका, भाजल्यासारखं होतं.

धुरीचं सांगायचं तर आपल्याकडे गोठ्यात ती पूर्वीपासूनच असते, दिवस मावळताना गोवरीचा निखारा करून त्यावर कडुलिंबाचा वाळका पाला आणि असेल तर निर्गुडी. ओला पाला टाकला की नुसता धूर धूर होतो, म्हणून वाळका घ्या आणि मूठ मूठ करत टाका. अंगणात, ओसरीवर ठीक आहे. घरात करायची तर सगळ्यांनी बाहेर थांबायचं, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, पंधरा-वीस मिनिटांनी निखारे बाहेर काढायचे आणि धूर गेल्यावरच आत यायचं. धूर कडुलिंबाचा असला तरी छातीत जातो तो धूरच. दमा असणाऱ्याच्या, तान्ह्या बाळाच्या खोलीत अजिबात नको. आणि काही जण अंड्याचे ट्रे, प्लास्टिक असलं काहीबाही जाळतात, कृपा करून ते करू नका.

बाकी जे फिरत असतं त्याचं पटकन सांगते. लिंबात लवंगा टोचून ठेवल्याने खोलीला वास छान येतो, मच्छर मात्र तिथेच फिरत राहतात. खिडकीत तुळशीची कुंडी ठेवली म्हणून मच्छर अडत नाहीत. लसूण खाऊन काही होत नाही, मोबाईलच्या आवाजाच्या ॲपने तर नाहीच नाही. मशीनच्या रिकाम्या बाटलीत कडुलिंब तेल अन् कापूर भरू नका, तेल जाड असल्याने वात चोंदते, मशीन तापतं आणि कापूर तर पेटणारा. तोच कापूर लेकराने गिळला तर झटके येऊ शकतात, तेव्हा डबी वर ठेवा. सीताफळाच्या बियांची पूडही कुणी सुचवली तर नाही म्हणा, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. याच्यापेक्षा साधा टेबल फॅन पायाकडून लावलेला बरा, मच्छर उडायला कमजोर असतो, वाऱ्यात त्याला अंगावर बसताच येत नाही.

आता ड्रम. मराठवाड्यात नळाला पाणी कुठे चार दिवसाला, कुठे आठ दिवसाला, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे पाणी साठवू नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण डेंगूचा मच्छर, तो पायावर पांढरे पट्टे असलेला, गटारात नाही तर याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे नळाची एक पाळी ते दुसरी पाळी, तेवढ्यात त्याचं काम होऊन जातं.

मोबाईलची टॉर्च ड्रममध्ये मारून बघा. पाण्याच्या वरच्या थराला बारीक दोऱ्यासारख्या अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या दिसतील, हात हलवून सावली पाडली की वळवळत तळाला जातात. अंडी मात्र पाण्यात नसतात, ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूला काळ्या बारीक ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून ड्रम नुसता पालथा करून भागत नाही. नळ यायच्या आदल्या दिवशी उरलेलं पाणी काढा, काथ्याने आतली बाजू चांगली खसखसून घासा, विसळा, उन्हात वाळवा आणि मगच भरा. अळ्यांचं पाणी झाडाला किंवा कोरड्या मातीत ओता, मरून जातात, नालीत ओतू नका. भरल्यावर जुन्या साडीचं दुहेरी कापड ताणून सुतळीने बांधा, मध्ये झोळ पडून पाण्याला टेकायला नको. जनावरांच्या हौदाला गप्पी मासे सोडा, ते सरकारी दवाखान्यात किंवा हिवताप कार्यालयात चौकशी केली तर मिळतात.

कूलरचंही तेच. उन्हाळा संपला की आपण तो बंद करून कोपऱ्यात ढकलतो अन् टपात तळाला पाणी तसंच राहतं. ते काढा, टप घासा, जुनं गवत टाकून द्या. संडासच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, रात्रीचे चावणारे लई मच्छर तिथून निघतात.

एवढं करूनही घरात कुणाला जोराचा ताप आला, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, अंग मोडून आलं तर मेडिकलवरून अंगदुखीच्या गोळ्या आणून देऊ नका. डेंगू असला तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. तापाला साधी पॅरासिटामॉल, पाणी भरपूर, आणि दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या. पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यातून रक्त आलं तर त्याच घडीला ॲडमिट करा, ताप उतरला म्हणून निवांत राहू नका. आणि त्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीतच झोपवा, हा मच्छर दिवसाचा चावतो, आणि आजारी माणसाला चावलेला मच्छर पुढे घरातल्या बाकीच्यांना आजार देतो.