मातीची ओल आणि रंगाची घाई: स्टुडिओतल्या या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या ज्या गाळ्यात मी चित्रे रंगवते आणि भांडीही घडवते, तिथे जुलैत हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि दोन्ही कामांचे वेळापत्रक पावसाच्या हाती जाते. चित्रकलेकडून सिरॅमिककडे वळलेल्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ मला एकच दिसते: डोळ्यांना जे दिसते त्यावर विसंबून राहण्याची सवय. कॅनव्हासपुढे तिचाच आधार असतो. मातीपुढे तीच फसवते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अर्धवट सुकलेले भांडे भट्टीत ठेवणे. एका जुलैत मी जाड तळाची मोठी बरणी सहा दिवस सुकवली. ती वरून पांढुरकी आणि कोरडी दिसत होती, मागणी वेळेत पोचवायची होती, म्हणून मी भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा बरणीचा तळ चिंध्यांसारखा उडाला होता आणि शेजारच्या तीन वाडग्यांचे काठ त्याच्या तुकड्यांनी तुटले होते. आत उरलेले पाणी १०० अंश सेल्सिअसला वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते, आणि ती जागा ती भिंत फोडून मिळवते. मातीत राहिलेल्या हवेच्या बुडबुड्याला बहुतेक जण दोष देतात. परंतु माती पूर्ण कोरडी असेल तर नुसत्या बुडबुड्याने भांडे सहसा फुटत नाही.

म्हणून भांड्याचा तळ गालाला लावून पाहावा. गार लागला, तर आत ओल आहे. पावसाळ्यात सुकवण्याचे दिवस दुप्पट धरावेत, वर प्लास्टिक सैल टाकून काठ आणि तळ एकाच वेगाने सुकू द्यावेत, आणि भांडे फळीवर उलटे करून तळाला हवा लागू द्यावी. भट्टी पेटवल्यावर, हवा जाण्याचे छिद्र उघडे ठेवून, ८० ते ९० अंशांवर काही तास थांबावे. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतील क्वार्ट्‌झ या खनिजाचे आकारमान एकदम बदलते, त्यामुळे तो टप्पा चढताना आणि उतरताना घाई करू नये. रात्रभर उत्सुकतेने जागून १५० अंशांवरच झाकण उचलल्यामुळे तडकलेली माझी भांडी मी मोजणे सोडून दिले आहे.

दुसरी चूक खास चित्रकारांची, ती ग्लेझला, म्हणजे भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा बसणाऱ्या लेपाला, रंग समजण्याची. कोबाल्ट कार्बोनेट बरणीत जांभळट दिसते आणि भाजल्यावर गडद निळे होते; तांब्याचे संयुग विजेच्या भट्टीत हिरवे येते, पण ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत लालही होऊ शकते. पॅलेटवर जसे दोन रंग मिसळून अंदाज बांधता येतो, तसा इथे येत नाही. प्रत्येक मिश्रणाची लहान चाचणी-फरशी करावी, तिच्या मागे लोह ऑक्साइडने क्रमांक लिहावा, आणि तळापासून चार-पाच मिलिमीटर जागा ग्लेझविना मोकळी सोडावी, नाहीतर वितळलेले ग्लेझ भट्टीच्या फळीला चिकटेल.

ग्लेझ भाजताना आक्रसून मधे उघडी माती दिसू लागली, तर आपले हात तपासावेत. जवसाच्या तेलाने माखलेल्या बोटांनी बिस्क, म्हणजे ग्लेझविना एकदा भाजलेले, भांडे धरले की त्या जागी ग्लेझ चिकटत नाही. अशी भांडी ग्लेझ लावण्याआधी ओल्या स्पंजने पुसून सुकवावीत. तेल खोल मुरले असेल तर पुन्हा बिस्क तापमानाला भाजून जाळून टाकावे. माझ्याकडे आता तैलरंगाचे टेबल आणि मातीचे टेबल गाळ्याच्या दोन टोकांना आहेत. मातीच्या बाजूला झाडू चालवू नये, कारण सुकी धूळ फुप्फुसांत जाते आणि तिच्यातील सिलिका दीर्घकाळात घातक ठरते. ओल्या फडक्यानेच पुसावे. तेलाने भिजलेली फडकीही गोळा करून टाकू नयेत, ती स्वतःहून पेटू शकतात. ती पसरून सुकवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या डब्यात टाकावीत.

कॅनव्हास ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. मागे पट्ट्या लावून दोन इंच अंतर सोडले, तर बुरशी बऱ्याच अंशी टळते. तैलरंग पाणी उडून नव्हे, तर हवेतील ऑक्सिजन शोषून सुकतो, म्हणून जाड थर चढवून वर पंखा लावला तरी आतला थर मऊच राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी पातळ थरांची कामे आणि रेखाटने करते, आणि जाड तळाच्या बरण्या ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवते.