परदेशी परतण्याआधी पेठेतली खरेदी: चौघं, एक दिवस

सुट्टीवर आलेल्यांची खरेदी फसते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. सकाळी सकाळी पुण्याच्या तुळशीबागेत पितळी पातेली घेतली, की दिवसभर तीच सांभाळत फिरायचं. लक्ष्मी रोडवर साडी उलगडून बघायला हात मोकळा राहत नाही. म्हणून शिंप्याचं काम आधी, खाऊ नंतर, भांडी सगळ्यात शेवटी. हा दिवस परतीच्या आठवडाभर तरी आधीचा ठेवा, कारण ब्लाउज एका रात्रीत शिवून मिळत नाही.

गाडी काढू नका. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट मंडईला सोडते आणि तिथून सगळं पायी होतं. चौघांपैकी एकाकडे यादी आणि बॅग टांगून तोलायचा काटा, दुसऱ्याकडे भाव करायचं काम. उरलेल्या दोघांनी दुकानात ‘अय्या, किती छान!’ म्हणायचं नाही. तुळशीबागेतल्या स्टॉलवर हे वाक्य महागात पडतं. लक्ष्मी रोडच्या मोठ्या दुकानांत एकच भाव असतो, तिथे घासाघीस करून वेळ घालवू नये.

पैठणी घ्यायची तर पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या अस्सल पैठणीत मोर-पोपट मागूनही जवळजवळ तसेच दिसतात. मागे सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची, आणि भावही तसाच हवा. साडी घेतली की लगेच फॉल-पिकोला टाका आणि परत कधी मिळेल ते पावतीवर लिहून घ्या.

खाऊत अडचण चवीची नसते, नियमांची असते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपसूक पेटू शकतं, म्हणून विमानाच्या सामानात अडवतात. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आंबेमोहोर विसरावा: धान्याला लागणाऱ्या खाप्रा किड्याच्या भीतीने तिथे भारतातून खासगी सामानात तांदूळ नेऊ देत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी अशी पिठं मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत असली तर वेगळी तपासणी होते आणि ती टाकूनही द्यावी लागू शकते. पुड्या सीलबंद घ्या, वर इंग्रजीत घटक छापलेले हवेत. ‘मेतकूट’ एवढ्यावर कस्टमवाल्याचं समाधान होत नाही. बाकरवडी स्टीलच्या डब्यात, नाहीतर तिकडे चुरा पोचतो.

आता भांडी. आधी तिकडची शेगडी आठवा. इंडक्शन असेल तर पितळ, तांबं, अॅल्युमिनियम काही तापणार नाही. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तरच घ्या. बिडाचा तवा चालतो, पण वजनाने बॅग खातो. गॅस असेल तर पितळी पातेलं जरूर घ्या, मात्र आतून चांदीसारखी पांढरी कल्हई सगळीकडे सारखी आहे ना ते उजेडात बघून. कल्हई नसेल तर आमटी, ताक कळकतं. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही आणि त्यात फोडणी तर मुळीच नको. तिकडे कल्हईवाला दारावर येत नाही! पितळ वजनावर विकतात, तेव्हा काटा आपल्यासमोर लावायला सांगा. मठारकाम केलेलं, म्हणजे हातोडीचे ठोके उमटवलेलं तांबं हवं असेल तर कसब्यातली तांबट आळी गाठा. मेट्रोने एकच स्टेशन.

मिक्सरचा मोह अमेरिकेला जाणाऱ्यांनी टाळावा. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, तिकडे १२०. साधा प्लग बदलून भागत नाही. युरोपात मात्र नुसत्या अडॅप्टरवर चालतो.

मेट्रोत शिरण्याआधी पिशव्या काट्याला लावा. बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलो असते आणि रिकामी बॅगच तीन-चार किलो भरते. दीड किलो जागा मोकळी ठेवा, निघायच्या सकाळी घरून लोणचं येतंच. काचेची बरणी नको, प्लास्टिकची घ्या. तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून वर झाकण घट्ट लावा आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध उभी ठेवा.