जि.प.ची सातवी-आठवीपर्यंतची शाळा बरी आहे का, कसं ओळखायचं

पोराला पाचवी-सहावीला जि.प.च्या शाळेत घालायचंय आणि शाळा बरी आहे का एवढंच बघायचंय, तर आधी एक करा, भिंतींकडे बघणं थांबवा. सरकारच्या ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानामुळे आणि लोकवर्गणीतून हल्ली बऱ्याच शाळा रंगल्यात, रेल्वेचा डबा, पाढे, जलचक्र, शिवाजी महाराज, सगळं आहे आणि छानच दिसतं, माझी काही तक्रार नाही. पण बैलाला झूल घातली म्हणून तो औताला चालतोच असं नाही ना. डिजिटल क्लासरूमचंही तेच, टीव्ही आहे का हे विचारूच नका, गेल्या आठवड्यात त्यावर काय बघितलं ते पोरांना विचारा.

चौथीपर्यंतची शाळा पारखणं तसं सोपं असतं, एक जीव लावणारी बाई असली तरी वर्ग उभा राहतो. सहावीपासून तसं चालत नाही, कारण गणितात बीजगणित यायला लागतं, विज्ञान वेगळं होतं, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल, हिंदी, इंग्रजी, आणि हे सगळं एकाच माणसाला नीट येणं अवघड. म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीईत, सहावी ते आठवीसाठी वेगळा नियम आहे: ३५ पोरांमागे एक शिक्षक, वर्गाला किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींना किमान एकेक. आपल्याकडे यांना पदवीधर शिक्षक म्हणतात. तर मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न हाच, “सर, सहावी ते आठवीला पदवीधर किती आणि कुठल्या विषयाचे?” उत्तर सरळ आलं तर चांगलं, “आम्ही सगळेच सगळं घेतो” असं आलं तर गणित-विज्ञानाची जागा रिकामी असण्याची शक्यता दाट आहे. मग पुढचा प्रश्न, किती दिवसांपासून रिकामी आहे आणि सध्या तो तास कोण घेतं.

मुख्याध्यापक पूर्ण वेळचे आहेत की प्रभारी, हेही विचारून घ्या. शंभराच्या वर पट असेल तर कायद्याने पूर्ण वेळ मुख्याध्यापक हवा. प्रभारी म्हणजे बऱ्याचदा सातवीचा वर्गशिक्षकच असतो, आणि पंचायत समितीत मीटिंग लागली, कुठलीतरी माहिती आजच्या आज ऑनलाइन भरायची आली, की सातवीचा वर्ग बाकी शिक्षकांच्या भरवशावर. यात त्या माणसाचा दोष नसतो, पण तुमच्या पोराचं वर्ष मात्र त्यातच जाणार.

जायच्या आधी घरबसल्या थोडं बघता येतं. प्रत्येक शाळेला ११ आकडी युडायस नंबर, म्हणजे सरकारी शाळा-नोंदीतला नंबर, असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. युडायस प्लसच्या साइटवर ‘नो युवर स्कूल’मध्ये तो टाकला की पट, शिक्षक, संडास, वीज, लायब्ररी वगैरे दिसतं. फक्त हे लक्षात ठेवा की ती माहिती शाळेनेच भरलेली असते, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ती तपासायला सोबत घेऊन जायची. तिथे ‘कॉम्प्युटर ५’ असेल तर पाचही बघून या, चालू किती ते विचारा.

कधी जायचं? १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गॅदरिंग, या दिवशी तर अजिबात नाही, त्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या असतात. शनिवारी सकाळची शाळा, कवायत वगैरे, तोही नको. जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या घडी बसलेली नसते. जानेवारी-फेब्रुवारीतला मधलाच कुठलातरी वार धरा, बाजारचा दिवस सोडून, आणि खिचडीच्या सुट्टीच्या तासभर आधी पोचा. आधी ऑफिसात जाऊन सांगा की पोराला घालायचंय, शाळा बघू का. हो म्हणण्याची पद्धत बघा. चांगल्या शाळेतले मास्तर शंभर कामं असली तरी म्हणतात या की, कुठला वर्ग बघायचाय.

वर्गात गेलात की आधी फळ्याचा वरचा कोपरा बघा. पट किती आणि हजर किती हे तिथे लिहिलेलं असतं. पट ३१, हजर २९. आता गुपचूप डोकी मोजा. बावीसच भरली तर तो आकडा कुठून आला हे तुमचं तुम्ही समजा. दोन-तीन पोरं पाणी प्यायला गेलेली असू शकतात, सात नाही.

आणि आता खरं काम, वह्या. माझ्या मते सगळ्या शाळेत एकच गोष्ट बघायची परवानगी मिळाली तर ती वही मागावी, आणि पहिल्या बाकावरच्या पोरीची नाही, ती तुम्हाला आपणहून दाखवतीलच, तिचं अक्षर मोत्यासारखं असतं. मधल्या रांगेतल्या कुणाचीतरी गणिताची वही घ्या. मी शाळा व्यवस्थापन समितीत असताना एका शाळेत सहावीची अशी वही उघडली होती. पानावर ३/४ + २/५ होतं, आणि पोराने वरचे वर, खालचे खाली मिळवून ५/९ लिहिलेलं. त्यावर वरपासून खालपर्यंत पानभर एकच लाल टिक, खाली सही आणि तारीख. टाचण, म्हणजे शिक्षकाची पाठाच्या तयारीची वही, पूर्ण, वह्या तपासलेल्या, केंद्रप्रमुख तपासायला आले तर कागदावर बोट ठेवायला जागा नाही, आणि पोरगं ५/९ घेऊन सातवीत गेलं. नीट बघितलं तर त्यातच दिसतं की दोन्ही संख्या अर्ध्याच्या जवळपास किंवा वर आहेत, पाऊण आणि दोन पंचमांश, त्यांची बेरीज एकापेक्षा जास्त यायला हवी, २३/२०, आणि इथे अर्ध्याच्या जरा वर आलीय, हे पोराला कुणी विचारलंच नाही. अशा टिकेपेक्षा मला ती वही परवडते जिच्यात खाडाखोड आहे, चुकीला गोल केलाय, बाजूला ‘छेद सारखे कर’ असं लिहिलंय आणि खाली पोराने तेच गणित परत सोडवलंय. अक्षर कसंही असो.

वहीत अजून एक बघा, स्वतःच्या मनाने लिहिलेलं काही आहे का. सगळ्यांच्या निबंधात ‘माझा आवडता प्राणी’ म्हणून गायच असेल आणि तीसही गायी ‘उपयुक्त व पाळीव’ असतील तर निबंध फळ्यावरून उतरलाय. एखाद्याने आमची शेळी डालग्यातली भाकरी खाते असं मोडक्या मराठीत लिहिलं असेल तर त्या बाईंना नमस्कार करा.

वाचनाचं सांगते. ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे लोक गावोगाव जाऊन जे करतात ते तुम्हीही करू शकता, फक्त वर्गासमोर उभं करून परीक्षा घेऊ नका, पोरं बिचकतात आणि शिक्षकांनाही ते आवडत नाही, बरोबरच आहे त्यांचं. सुट्टीत एखाद्या पोराशी गप्पा मारता मारता दुसरीच्या बालभारतीतला परिच्छेद वाचायला द्या आणि मग एक भागाकार, तीन अंकी भागिले एक अंकी. मी ८३५ भागिले ४ देते. उत्तर २०८, बाकी ३. बरीच पोरं मधला शून्य खातात आणि २८ लिहून मोकळी होतात. सातवीतल्या चार-पाच पोरांना विचारून निम्म्यांना हे जमत नसेल तर शाळेच्या सेमी इंग्रजीचं कौतुक ऐकून घेऊ नका.

सेमीचं निघालंच म्हणून, गणित-विज्ञान इंग्रजीतून आहे एवढ्यावर भुलू नका. पोराला न्यूमरेटर म्हणजे काय विचारा. ‘वरचा आकडा, किती भाग घेतले ते’ असं मराठीत सांगितलं तरी मला चालतं, म्हणजे समजावून शिकवलंय. स्पेलिंग पाठ आणि अर्थ शून्य, तर ते सेमी शाळेच्या पाटीपुरतंच आहे.

विज्ञानाचं कपाट असतंच, प्रश्न कुलपाचा आहे. चावी कुठे विचारलं आणि शोधाशोध सुरू झाली की समजायचं. ‘या वर्षी शेवटचा प्रयोग कुठला केला’ हा प्रश्न पोरांना विचारा, मास्तरांना नाही. लिंबू, साबण, हळदीचा कागद, असं काहीतरी भराभर सांगायला लागली आणि एकमेकांचं बोलणं खोडायला लागली तर प्रयोग झालेला आहे.

खिचडीवर लोक उगाच नाक मुरडतात. सहावी ते आठवीच्या पोरामागे रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी असा हिशोब आहे, ७०० कॅलरी धरून. ताटात डाळ दिसते की नुसतं पिवळं पाणी, भाजी आहे का, आणि शिक्षक आधी चव घेतात का, ते चवीचं रजिस्टर आहे का, एवढं बघा. पोरं परत वाढून घेतायत का हे सगळ्यात खरं रजिस्टर.

मुलगी असेल तर पुढचं नीट वाचा, मुलगा असला तरी वाचा. मुलींचा संडास वेगळा आहे हे युडायसवर असतंच, तुम्ही जाऊन आतली कडी लागते का, नळाला पाणी आहे का, आणि दाराला बाहेरून कुलूप तर नाही ना, ‘पाहुण्यांसाठी’ राखून ठेवलेलं, हे बघा. पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. सातवी-आठवीत मुलींची पाळी सुरू होते, आणि त्या चार दिवसात मुली घरी राहतात त्याचं कारण बऱ्याचदा फक्त ही कडी असते. मग सहावीला मुली किती आणि आठवीला किती, हे दोन आकडे मागा. मधे गळती असेल तर का ते विचारा. रस्ता लांब आहे, एसटी नाही, की लग्नं होतायत. मुख्याध्यापकांना गेलेल्या मुलींची नावं तोंडपाठ असतील, कोणाच्या घरी जाऊन आले हे सांगत असतील, तर ती शाळा मला तरी चालेल, बाकी काही कमी असलं तरी.

ऑफिसाबाहेर शिष्यवृत्तीचा बोर्ड असतो, नावं रंगवलेली. नावं नका मोजू, सालं बघा. एकदम चार-पाच वर्षं भरपूर नावं आणि नंतर कोरा बोर्ड, म्हणजे जे सर घ्यायचे त्यांची बदली झाली. बसलेली पोरं किती आणि पट किती हेही विचारा, कारण काही ठिकाणी पाच हुशार पोरांना घेऊन जादा तास चालतात आणि बाकीची पंचवीस मैदानात. आठवी असेल तर एनएमएमएसला, म्हणजे केंद्र सरकारच्या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेला, पोरं बसवता का, हे नक्की. पास झालं आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, साडेतीन लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं, आणि ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच पोरांना आहे. ज्या शाळेला याचा फॉर्म कधी निघतो हेच माहीत नाही तिथे गरीब पोरांचे पैसे चाललेत असं समजा.

शाळा व्यवस्थापन समितीची यादी भिंतीवर हवी. यात ७५ टक्के पालक असायला लागतात आणि निम्म्या बायका. यादीतली एखादी बाई गावातच असेल, तिला गाठा आणि शेवटची मीटिंग कधी झाली ते विचारा. “सही करायला बोलावतात” हे उत्तर फार ठिकाणी येतं, धक्का बसून घेऊ नका, पण लक्षात ठेवा. तिला हेही विचारा की ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं शाळा अनुदान कशावर खर्च झालं. माहीत असेल तर गाव शाळेत आहे.

शिक्षकांच्या बदल्यांवर तुमचा-माझा काही इलाज नाही, ऑनलाइन पोर्टलवर होतात, पण कोण किती वर्षांपासून आहे हे विचारून ठेवा. सगळेच यंदा आलेले असतील किंवा सगळेच पुढच्या वर्षी बदलीपात्र असतील तर आज जे दिसतंय ते दोन वर्षांनी असेलच असं नाही. पटही घसरतोय का बघा. पट गेला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद जातं, पद गेलं की अजून पोरं जातात, हे चक्र एकदा सुरू झालं की चांगले मास्तरही काही करू शकत नाहीत.

आणि कुणी फारसं करत नाही ते एक. शाळेतली पोरं पुढे ज्या हायस्कूलला जातात तिथे जा आणि नववीच्या गणिताच्या सरांना विचारा, अमक्या गावची पोरं कशी येतात. तो माणूस दरवर्षी आठ-दहा गावची पोरं एकाच वर्गात बघतो, पहिल्या चाचणीतच त्याला कळतं कुठल्या शाळेत काय झालंय. “त्या गावची पोरं बुजरी असतात पण पाया पक्का” किंवा “बोलतात छान, अपूर्णांक मात्र मलाच सुरू करायला लागतात”, असं दोन वाक्यात जे मिळेल ते कुठल्याही श्रेणीपेक्षा मी जास्त धरते.

हे सगळं एका शाळेत चांगलं मिळणार नाही, ते धरूनच चला. माझा हिशोब असा: गणित-विज्ञानाचा माणूस नाही आणि वह्याही नुसत्या लाल टिक मारलेल्या, तर तीन किलोमीटरमधली दुसरी शाळा बघा. माणूस आहे, वह्या बऱ्या आहेत, पण रंग उडालाय, टीव्ही बंद आहे, मैदानात गवत वाढलंय, तर बिनधास्त घाला, गवत ग्रामपंचायतीकडून काढून घेता येतं. माणूस नाही पण आहेत ते शिक्षक जीव तोडून करतायत, हे सगळ्यात अवघड, तिथे चार पालक मिळून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तोवर अपूर्णांक घरी बघा.

प्रवेशाला परीक्षा घेता येत नाही, डोनेशन मागता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला अजून आला नाही म्हणून अडवताही येत नाही. दाखल्यावरून कुणी अडवलंच तर आरटीईतलं कलम ५ म्हणून सांगा, आवाज न चढवता. पुस्तकं शाळेतूनच मिळतात, दुकानातून आधीच घेऊन ठेवू नका.