एकाच पायवाटेवर वर्षभर: मुलांना रान कसं दाखवावं

मुलांना दर वेळी नव्या जंगलात नेण्याचा मोह टाळा. सह्याद्रीच्या पायथ्याचं पानगळीचं रान निवडा, त्यातली एकच पायवाट धरा आणि तिच्यावर वर्षातून पाच वेळा जा: माघात, चैत्रात, पावसाच्या तोंडावर, श्रावणात आणि दिवाळीनंतर. नव्या जागी मूल भिरभिरतं. ओळखीच्या वाटेवर त्याला बदल दिसतो. "मागच्या वेळी हे असं नव्हतं" हे वाक्य त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं, त्यासाठीच हा खटाटोप.

वाट जाऊन-येऊन एक ते दीड किलोमीटरची पुरे. सात ते दहा वर्षांच्या मुलांना तेवढ्याला दोन तास लागतात आणि ते लागू द्यावेत. चार-आठ दिवस आधी मोठ्यांनी त्याच वेळी ती वाट चालून बघावी: आग्या मोहोळ कुठे लागलंय, ओढ्याला पाणी किती, सुटे दगड कुठे आहेत. वाटेवर मोहोळ असेल तर त्या दिवसापुरती वाट बदला. अत्तर, धूर आणि आरडाओरडा या तिन्हींनी आग्या माश्या उठतात.

एका फेरीला मुलं दहा-बारा, मोठी माणसं तीन: एक पुढे, एक मधे, एक शेवटी. तीस मुलांची रांग नेली तर मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. मग ती गप्पा मारतात, आणि आवाजाने पाखरं उडाली की पुढच्यांनाही काही दिसत नाही. बिबट्याच्या रानात मुलांना उजाडल्यानंतरच न्या आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी परत आणा.

वाटेवरची सहा झाडं ठरवून घ्या. काटेसावर, पळस, कुसुंब, ऐन, उंबर आणि करवंदीची जाळी हा संच कोकणात आणि घाटाखाली सहसा एकाच टप्प्यात सापडतो. दोन मुलांमागे एक झाड वाटून द्या. जोडीकडे कोरी वही आणि पेन्सिल असावी, कारण पेनाची शाई पावसात फुटते. दर फेरीला चार नोंदी: पानं (नाहीत, कोवळी, भरलेली, पिवळी), फुलं, फळं, आणि झाडावर कोण आलं होतं. खोडाचा घेर वर्षातून एकदाच, जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर मोजा. सावरीच्या कोवळ्या खोडाला काटे असतात, तिथे फीत मोठ्यांनी धरावी.

झाडाचं नाव आधी सांगू नका. नाव कळलं की मूल पाहणं थांबवतं. ऐनापाशी आधी साल हाताने चाचपायला लावा, भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी. मग पान उलटं करून देठाजवळच्या दोन बारीक गाठी शोधायला सांगा. ते झालं, की नाव.

माघाची फेरी सगळ्यांत मोलाची, तिला वेळ द्या. सकाळी साडेसातला फुललेल्या सावरीपासून पंधरा-वीस फुटांवर मुलांना बसवा आणि वीस मिनिटं तिथून हलू नका. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होते, ती होऊ द्या. मग मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे येताना दिसतात. दुर्बीण असेल तर चोचीवर-कपाळावर लागलेले परागही. झाडाला पान नसल्यामुळे तांबडं फूल लांबूनही नजरेत भरतं, हे मुलांनाच सुचू द्या. खाली पडलेलं एखादं फूल उघडून पाच जाड पाकळ्या आणि पुंकेसरांचा झुबका दाखवा. नंतर विचारा: पानं गाळली, तर एवढ्या फुलांना लागणारं अन्न झाडाने आणलं कुठून? उत्तर (आधी साठवून ठेवलेलं) लगेच देऊ नका. पानं गाळून उन्हाळ्यात पाणी वाचतं, हा धागा ती बऱ्याचदा स्वतःच पकडतात.

चैत्रात साडेसहाला निघा, नऊच्या आत परत या, प्रत्येकाजवळ एक लिटर पाणी. कुसुंबाची पालवी इतकी तांबडी असते, की मुलं तिला फुलंच समजतात. जवळ नेऊन खात्री करून घ्यायला लावा. पुढे सावरीची बोंडं फुटून कापूस उडू लागतो. त्यातलं बी शोधून वाऱ्यावर सोडून बघा.

पावसाच्या तोंडावर पावशा पक्ष्याची साद आणि करवंदं. करवंद चावून आत लाल निघालं तर कोंबडा, नाहीतर कोंबडी, हा जुना खेळ जरूर खेळा. पण नियम पक्का: विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. गुंजेचं लाल-काळं बी सुंदर दिसतं आणि जहाल विषारी असतं. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, म्हणून अनोळखी फांदी मोडायची नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर काहीच तोडायचं किंवा घरी न्यायचं नाही. तिथे वहीतलं चित्र पुरे. या दिवसांत दुपारनंतर विजा होतात, म्हणून फेरी सकाळीच.

श्रावणात लांब चालू नका. एक मीटर दोरीचं कडं जमिनीवर टाका आणि त्याच्या आत जे जिवंत आहे ते दहा मिनिटं शोधायला लावा: शेवाळ, गोगलगाय, वाणी (खूप पायांचा लांबट किडा), रोपं, भूछत्रं. भूछत्राला हात लावायचा नाही. वाटेत साग असेल तर जाळीदार पानं दाखवा. मधला हिरवा भाग अळ्या खातात, शिरा तेवढ्या उरतात. पळसाची पानं याच फेरीला बघा, म्हणजे "पळसाला पाने तीनच" ही म्हण मुलं स्वतः तपासून घेतील. ओढा गुडघ्यापर्यंत असला तरी मुलांना घेऊन ओलांडू नका. डोंगरात वर पडलेला पाऊस खाली दिसत नाही आणि लोंढा अचानक येतो.

दिवाळीनंतरच्या फेरीत गवत आणि कोळ्यांची जाळी. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, विजार मोज्यात खोचलेली. खाजकुइलीच्या शेंगेचा केस लागला तर चोळू नका, चिकटपट्टीने केस उपटून घ्या आणि कपडे बदला. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातल्या सत्तरी भागात गोचिडांमुळे माकडताप होतो. डिसेंबर ते मे या काळात तिथे मुलांना नेण्याआधी आरोग्य केंद्रात विचारा, पाचोळ्यावर बसवू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका. घरी आल्यावर काखा, मान आणि कानामागे गोचीड तपासा.

साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काहीच नको. अंगठी-कडं काढा, मुलाला चालवू नका, अवयव न हलवता उचलून आणा आणि 108 ला फोन करा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

परतल्यावर प्रश्नमंजूषा घेऊ नका. पंधरा मिनिटं सावलीत बसवून प्रत्येकाला एकच प्रश्न वहीत, तारखेसह लिहायला सांगा. पुढच्या फेरीला निघताना तोच प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि झाडापाशी जाऊन उत्तर शोधायचं.